भिंगरीच्या नावे माझा तिसरा हिस्सा

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, या फुटबॉल क्लबच्या दिवंगत संस्थापकांची पत्नी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. शरीर कुरकुरतं, पण डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाक कुणी दाखवला नाही. लाडीगोडी मात्र दोन्हीकडून भरपूर झाली, तिचा उपयोग झालेला नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. राहतं घर मुलाला आणि सुनेला. सुनेचं नाव आधी लिहावं. जिन्यातला दिवा 'उद्या बदलतो' असं मुलगा वर्षभर म्हणत होता, बदलला तिने.

कलम २. शिवणयंत्र, कात्र्या आणि उरलेलं कापड क्लबच्या धोबिणीला. मी जर्सी शिवायची, पोरं फाडायची, ती धुवायची. यंत्र तेल मागतं, विसरू नकोस गं.

कलम ३. धाकटे दीर, म्हणजे क्लबचे अध्यक्ष, यांना बैठकीतली माझी खुर्ची. भावजी, कागदावर उजेड पडावा म्हणून तुम्ही आणि माझा मुलगा खिडकीकडे पाठ करून बसता. मी समोर बसते, म्हणून मला खालचं मैदान दिसतं. त्या दिवशी चेंडू फार उंचावरून येत होता. आपल्या संघातला तो पोरगा, भिंगरी, त्याच्या अंगावर समोरच्या संघातले दोघे धावून आले. तो चेंडूकडे बघतही नव्हता. चेंडू त्याच्या पायावर आला आणि तिथेच निजला, आणि हा गर्रकन असा फिरला की ते दोघे एकमेकांवर आदळले. कापडात कात्री शिरते तेव्हा कधीतरी हात विचार करायचा थांबतो आणि काप सरळ जातो. मला तो क्षण उभ्या जन्मात मोजक्याच वेळा मिळाला. या मुलाला तो चालता-बोलता मिळतो. हातातला पेला खाली ठेवायचं मला सुचलं नाही. तुम्ही दोघे तेव्हा त्याच्यावरूनच भांडत होतात.

भांडण असं. मोठ्या क्लबने भिंगरीला मागणी घातली आहे. भावजी म्हणाले, "वहिनी, प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छप्पर कोसळायला आलंय. द्या त्याला."

मुलगा म्हणाला, "काका, तो गेल्यावर छपराखाली बसून लोकांनी गवत बघायचं का?"

दोघांचंही खरं आहे. मी विचारलं, "त्याला कुणी विचारलंय का?"

भावजी म्हणाले, "टेबल विकताना टेबलाला विचारतात होय?"

ते वाक्य मी माफ केलेलं नाही, याची इथे नोंद असावी. बाकी भावजी माणूस सोन्यासारखे आहेत. माझ्या आजारपणात औषधं त्यांनीच आणली.

मग मीच मैदानात उतरून त्याला विचारलं. बुटाची नाडी सोडत तो म्हणाला, "आजी, जावंसं वाटतं. आणि इथून पाय निघत नाही. दोन्ही खरंय."

कलम ४. क्लबचे हिस्से तीन : भावजींचा, मुलाचा, माझा. खेळाडू द्यायचा की ठेवायचा, हे दोन हिस्से एका बाजूला आल्याशिवाय ठरत नाही. मी मत राखून ठेवलं आहे. हंगाम संपेपर्यंत मी काही राहत नाही, असं डॉक्टरांचं तोंडच सांगतं. हिस्सा हयातीत कुणाला देता येत नाही, फक्त वारशाने जातो. पण वारस नात्यातलाच हवा, असं नियमात कुठेही नाही. वकीलबाईंनीही पाहून खात्री केली आहे.

सबब माझा संपूर्ण हिस्सा, मतासह, भिंगरीला. अट कोणतीही नाही. तो जायचं म्हणाला तर मुलाने रुसू नये. राहायचं म्हणाला तर भावजींनी छपराचं दुसरं काही बघावं. काय ठरेल ते मला माहीत नाही, आणि मरताना एवढी उत्सुकता हाताशी असणं हे मी भाग्य समजते.

पुढच्या बैठकीत त्याची किंमत काढाल तेव्हा तो टेबलाशी बसलेला असेल. त्याच्याकडे बघून बोला.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

साक्षीदार : क्लबचा माळी (सही). शेजारच्या निवृत्त बाई, शिक्षिका (सही).
ठिकाण : माझी शिवणाची खोली. शनिवार, सामन्याआधी.
सही : भावजींची वहिनी, मुलाची आई, क्लबची शिंपीण.