वहीत न लागलेल्या आगी

आप्पा, तुमच्यावर मनापासून रागवायला मला अठरा वर्षं लागली. तुम्ही गेलात, मग तुमच्याच खात्यात माझी नोकरी, लग्न, सिल्वासातला फ्लॅट, नवऱ्याची नरोलीच्या कारखान्यातली पाळी. रागवायला सवडच झाली नाही. खानवेलच्या ज्या जंगलात तुम्ही साधे वनरक्षक म्हणून चपला झिजवल्या, तिथे मी आता अधिकारी आहे. लोक मॅडम म्हणतात. तर या मॅडमला कोर्टासाठी एक अहवाल लिहायचा होता: गेल्या चैत्रात वणवा कसा लागला, कोणामुळे लागला. आरोपी तुमच्या ओळखीची आहे. आपल्या क्वार्टरच्या अंगणात मोहफुलं वाळत घालायची आणि आईशी तासन्‌तास गप्पा मारायची, तीच बाई. आता पार म्हातारी झालीय.

कॉलेजच्या सुट्टीत मी घरी आले होते तो पौषातला दिवस तुम्हाला आठवत असेल. सकाळीच आईने कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा केला आणि डबा माझ्या हातात दिला, म्हणाली, तुझे आप्पा आज माळावर आहेत, देऊन ये. मी जाते तर काय, खाकी कपड्यातला माझा बाप हातात काडेपेटी घेऊन उभा आहे आणि ही बाई आणखी पाच-सहा जणींना घेऊन पळसाच्या ओल्या फांद्या सावरत त्याच्या हुकमाची वाट बघतेय. आधी दोघी जणी काठ्या आपटत, ओरडत गवतातून फिरल्या. एक ससा पळाला, तितर उडाले. ओढ्याकाठचा तुकडा तुम्ही मुद्दाम सोडलात, जनावरांना लपायला जागा हवी म्हणून. मग गवतावर दव असतानाच वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावलीत. आग गुडघ्याच्या वर आली नाही. हळूहळू चालत गेली आणि बायकांनी कडेकडेने ती झोडपून विझवली. महिनाभरात तिथे कोवळं गवत आलं आणि चौशिंगे चरायला आले, तेही तुम्हीच मला नेऊन दाखवलं होतं.

मी तेव्हा नवी नवी वनशास्त्र शिकत होते, त्यामुळे तोंडाला कुलूप नव्हतं. विचारलं, "आप्पा, हे कायद्यात बसतं का?" तुम्ही आपल्या अहिराणीत म्हणालात, "कायदाले दव समजस का?" बायका हसल्या. मला झोंबलं, म्हणून मी तुमच्या हातातली काडेपेटी ओढून दुसऱ्या तुकड्याला काडी लावायला गेले, तर तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात. "पहिले वारा देख! इतली शिकनी, तरी वारा कथाईन येस ते समजस नही!" त्या सगळ्या बायकांसमोर. मनगट दिवसभर चुरचुरत होतं.

आणि दुपारी घरी येऊन तुम्ही काय केलंत? हात धुतलेत, चहा प्यायलात, खात्याची आगीची वही उघडलीत आणि सुबक अक्षरात लिहिलंत: आग नाही. वर्षानुवर्षं तेच. आग नाही, आग नाही, आग नाही. वरून विनाआग जंगलाचे आदेश होते आणि तुम्हाला कोणाशी वाद घालायचा नव्हता. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. तुम्ही मान खाली घालून घेतलात. तुम्हाला जंगल कळत होतं आप्पा, पण एक ओळ खरी लिहायची तुमची छाती झाली नाही. कोणाला जमणार नाही असं काम तुम्ही केलंत आणि स्वतःच्या हाताने पुसून टाकलंत.

अधिकारी झाल्यावर त्याच वह्यांवर मी जंगलाला आगीपासून वाचवायचा माझा प्लॅन उभा केला. त्यात लिहिलं की या भागात इतकी वर्षं आग लागली नाही, हे कडक बंदीचं फळ, सबब बंदी आणखी कडक करावी. साहेब खूश झाले. मोहाखालचा पाला जाळायला बंदी, पौषातलं गवत जाळायला बंदी. नव्या रोपवनाला चहूबाजूंनी तारेचं कुंपण. चार वर्षं सागाची पानं साठत गेली, चालताना पाय घोट्यापर्यंत रुतायचा. मी ते बघत होते. दौऱ्यावर येणाऱ्यांना मी ते कौतुकाने दाखवायचेही.

चैत्रात मोह गळायच्या आधी, फुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून, या बाईने झाडाखालचा पाला पेटवला. ऑफिसात माझ्यासमोर उभी राहून तिने ते कबूल केलं, रडली नाही की पाया पडली नाही. "लावली ती मीच, कशाला खोटं बोलू? तुझा बापूस होता तवा आमी सकाळची लावू, दव असायचं. आता तुझे गार्ड दुपारी जेवाया जातात, तवाच चोरून लावाया मिळतं. दुपारचा वारा काय आमचं ऐकतो? मी झाडाखालची लावली, बाई. आख्खा डोंगर कसा पेटला, ते तू लिव."

तीन दिवस डोंगर जळत होता. विझल्यावर मी कुंपणाच्या कडेने चालत गेले. जनावरं पळत पळत तारेपर्यंत आली होती आणि तिथेच अडकली होती. चौशिंग्याची एक मादी, तिच्या पोटाशी पाडस. पुढे ससे, रानकोंबड्या, एक भेकर. ते कुंपण मी स्वतः उभं राहून घालून घेतलं होतं. सोबतचा गार्ड मोजायला लागला, मी त्याला गप्प बस म्हटलं.

म्हातारीला वाचवायचं तर मला दोन गोष्टी लिहायला हव्या होत्या. एक, की तुमची वही खोटी आहे. दुसरी, की माझ्या बंदीमुळे एवढा पाला साठला आणि माझ्या बंदीमुळेच तिने भरदुपारी काडी लावली. हे पत्र खरं तर कोर्टालाच जायला हवं. ते जाणार नाही. अहवाल काल गेला. त्यात लिहिलंय, आग आरोपीने लावली, या भागात आग लावण्याची प्रथा पूर्वी कधीच नव्हती, आधार आगीची वही. खाली माझी सही आहे.

नवऱ्याला मी सांगितलं, आप्पांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून असं लिहिलं. त्याला ते पटलं, त्याचे डोळेही जरा ओले झाले. पण तुम्हाला खरं सांगते. सही करताना तुमचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझा प्लॅन आता बाकीच्या जंगलांतही लागू होणार आहे, आणि त्यावर माझं नाव आहे.