बेटावरचं घर

रवि., ५ जाने.
दूध आणलं. कपडे वाळत घातले. दहाच्या सुमारास सोसायटीचे चेअरमन सातपुते आले. दर जानेवारीत सोसायटीतली कुटुंबं धरणाकाठच्या टेकडीवर जातात. सु. नेच सुरू केलेलं. या वर्षी ती नाही, तरी जायचं ठरलंय. वर तिच्या नावाने बोर्ड लावायचा. टेकडीखालच्या गावच्या सरपंचांनी हो म्हटलंय.
"गायकवाड, आपण बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बोर्ड. तो आपल्या वतीने बोलेल."
मजकूर लिहूनच आणला होता. 'समोर दिसणाऱ्या बेटावर कै. सुनंदा गायकवाड यांचे माहेरचे घर होते. बाकी गाव धरणात गेले.' कै. काढा, कालकथित घाला, म्हटलं. आम्ही बौद्ध माणसं तसं लिहितो. "ओळ लांबेल," म्हणाले. पण केली दुरुस्ती.
घराबद्दल काही शंका नव्हती. सु. वर पोचली की हेच सांगायची. पोरं भोवती, हात लांब करून: ते बघा आमचं घर. मी मागे, पाण्याच्या बाटल्या घेऊन.

गुरु., ९ जाने.
शलाकाचा फोन, बंगळुरूहून. "बाबा, बोर्डवर आईच्या आजोबांचं नाव पण घाला ना." नाव मला माहीत नाही. तिलाही नाही. असलं काही लागलं की सु. ला विचारायची सवय.
लोणी काळभोरला सखूआत्या आहे, सु. च्या वडिलांची बहीण. गाव गेल्यावर सु. च्या माहेरच्यांना तिकडे जागा मिळाली होती. जाऊन येतो.

शनि., ११ जाने.
लोणीला जाऊन आलो. हडपसरला बस बदलली. आत्या दारात उन्हाला बसलेली. ओळखायला वेळ लागला, मग म्हणाली, "जावयबापू, वाळलासा की. करून कोन घालतंय?"
मीच, म्हटलं.
"मंग वाळनारच."
आजोबांचं नाव भागाजी. लिहून घेतलं. कशाला पाहिजे म्हणाली, म्हणून बोर्डाचं सांगितलं. तर हसायला लागली.
"बेटावर कसलं घर? घरं समदी पाण्यात गेली. त्यो आमचा मसनवटा हाय."
गावाचं स्मशान नदीकाठी होतं. तिथे आपल्या लोकांना जाळू देत नसत. म्हणून आपलं वेगळं, वर खडकाळ माळावर, जिथे काही पिकत नव्हतं तिथे. पाणी आलं तेव्हा देऊळ, चावडी, आपली वस्ती, गावाचं स्मशान, सगळं खाली गेलं. माळ राहिला.
"माझा बाप तितंच हाय," म्हणाली. अगदी सहज, शेजारच्या घरात आहे असं.
सु. ला हे माहीत होतं का, विचारलं.
"म्हंजी? मीच तर नेली हुती होडीत घालून. चवथीत आसंल. फुलं वाह्यली की तिनं."
चहा झाला. मेथीची जुडी दिली, नको म्हटलं तरी.
मला कधी बोलली नाही. आम्ही तसे सगळंच बोलत होतो असं नाही, पण

सोम., १३ जाने.
शलाकाला सांगितलं. "मग आई घर का म्हणायची?" माहीत नाही. "राहू दे बाबा घरच. लोकांना कशाला?" संध्याकाळी परत फोन, "नाही, खरं लिहा." मग मेसेज: तुम्हीच ठरवा.
सातपुत्यांना अजून काही बोललो नाही. मेथी निवडली. फार होती.

रवि., १९ जाने.
टेकडी झाली. मिनीबस वेळेवर सुटली नाही. चढ सोपा आहे, लहान मुलंही चालली. वाटेत वाघजाईचं देऊळ, पुढे पडकी दगडी चौकी. सातपुते थांबून सांगत होते, इथून घाटवाटेवर पहारा असायचा, वर येणाऱ्या प्रत्येक बैलावर जकात. सौ. सातपुते म्हणाल्या, "अहो, बैलांना सोडत नव्हते, आम्हाला तरी सोडा. पोहे गार होतायत."
वर वारा. पाणी उतरलंय, त्यामुळे बेट मोठं दिसत होतं. खाली तांबडी कड, वर चार-दोन झाडं. नेहमी पाहिलेलंच. आज नीट पाहिलं.
पोहे झाल्यावर सातपुत्यांनी सगळ्यांना गोळा करून मजकूर वाचून दाखवला. कालकथित नीट म्हणाले. घर होते, इथपर्यंत आले आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.
मी म्हटलं, थांबा.
सगळे थांबले. मी बोललो याचंच जास्त नवल असावं.
घर नव्हतं, म्हटलं. तिथे स्मशान होतं. आमच्या लोकांचं. तिचे आजोबा आहेत तिथे.
जोशी वहिनी हळूच म्हणाल्या, "मुलं आहेत हो." मुलांना काही झालं नव्हतं, ती चिप्स खात होती. फक्त सातपुत्यांची नात इरा पुढे आली. दर वर्षी सु. चा हात धरून चढायची.
"मग काकू खोटं सांगायच्या?"
नाही, म्हटलं.
"मग?"
सौ. सातपुत्यांनी तिला टोपी घालायला नेलं.
उतरताना सातपुते माझ्याबरोबर मागे राहिले. चौकीपाशी थांबले. मग म्हणाले, "'आमच्या लोकांचं' म्हणालात, म्हणजे... वेगळं असायचं का?"
"हो."
"मला माहीत नव्हतं."
"या बेटाचं मलाही नव्हतं."
बसमध्ये मुलांच्या भेंड्या. कात्रजला उतरलो.

मंगळ., २१ जाने.
सातपुत्यांचा मेसेज: 'मजकूर कळवावा. पेंटर थांबला आहे. घाई नाही.' तासाभराने दुसरा: 'तशी थोडी आहे.'
'भागाजी यांचे स्मशान' असं लिहिलं. खोडलं. ते काही त्यांच्या एकट्याचं नव्हतं. मग आत्याने सांगितलेलं सगळं लिहिलं, नदीकाठचं आणि माळावरचं. ते खरं आहे. पण तिच्या नावाखाली ते वाचलं तर दर वर्षी वर जाऊन ती थापा मारत होती असं होतं. आणि घर लिहावं तर आता ते माहीत असून मी लिहिल्यासारखं होतं. फुलं वाहून आलेली मुलगी त्या जागेला घर का म्हणेल, हे मी इराला सांगू शकलो नाही. शलाकालाही नाही. मला थोडं कळतंय असं वाटतं, लिहायला बसलं की जातं.
सातपुत्यांना कळवलं, दोन दिवस द्या.
टेकडीवरचे मोजे धुतले तरी कुसळं तशीच. खिडकीशी उजेडात बसून चिमट्याने काढली. एक मोजा झाला. दुसरा घेतला.