एन्शेब्रे, म्हणजे बिनभेसळ

१४ ऑक्टोबर २०१६, लुडविग्सहाफेन
आई दीक्षाभूमीवर जाऊन आली. फोनवर पहिला प्रश्न, "अनिकेतच्या आईला सांगितलं का?"
नाही. त्या परवाच पुण्याहून इथे त्याच्याकडे आल्या. अनिकेत आणि मी लग्न करणार, एवढं त्यांना माहीत आहे. माझ्या घरचे बौद्ध, हे नाही. अनिकेत म्हणतो, "आधी तिला तू आवडू दे, मग सांगू."

१६ ऑक्टो.
अ.कडे जेवण. मी जवसाची चटणी नेली. लॅबमधली इरियाही होती. ती गॅलिसियाची, स्पेनच्या टोकावरची. चटणी चाखून म्हणाली, "एन्शेब्रे!" तिच्या भाषेतला शब्द. अ.ने आईला सांगितलं, "म्हणजे बिनभेसळ. अस्सल."
काकू खूश. "मग! हल्ली माणसं तरी कुठे मिळतात तशी? मला पुण्याला न्यायला डबाभर दे हं. कुलदैवत कोणतं गं तुमचं?"
अ. : "आई, भात वाढू?"


१८ ऑक्टो.
इरियाला शब्दाबद्दल विचारलं. तिची आजी पाणी न घातलेल्या वाइनला म्हणायची. पुढे अर्थ झाला, 'खास आपल्या मातीतलं'. नदीपलीकडे पोर्तुगालमध्ये तोच शब्द बेचव गोष्टीलाही लावतात. मूळ नक्की नाही. एक मत असं की लॅटिनमधून आला, 'वेगळं काढलेलं' अशा अर्थाच्या शब्दातून.
आमच्याकडे वेगळं काढलेल्यांना शुद्ध म्हणत नाहीत. काढणाऱ्यांना म्हणतात. हे इरियाला बोलले नाही.
लॅबमध्ये सोपं असतं. बाटलीवर शुद्धता लिहिली की उरलेलं काय, तेही लिहावं लागतं.

२० ऑक्टो.
अ.ला म्हटलं, शनिवारी काकू माझ्याकडे येणार. शेल्फवर बुद्धमूर्ती आहे.
"मग? इथे जर्मनांच्या बाल्कनीतसुद्धा असते. तिला शोभेचीच वाटेल."
गेनाऊ, अगदी बरोबर. तेच नको आहे मला.

२२ ऑक्टो., शनिवार
काकू आल्या. चहा घेतला. मूर्ती पाहून म्हणाल्या, "गोड आहे गं. इथल्या घरसामानाच्या दुकानातली?"
"नाही काकू. नागपूरहून आणलीय. शोभेची नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी कुलदैवत नाही."
अ. फोनमध्ये बघत राहिला. काकूंनी मूर्तीकडे पाहत कप खाली ठेवला. मग, "पुण्यात थंडी पडली असेल आता."
चटणीचा डबा त्यांच्यासमोर ठेवला होता. त्या उठल्या, शाल घेतली, पर्स घेतली, खाली उतरल्या. अ. मागोमाग.
अ. परत वर आला. "आईचा डबा राहिला."
"राहिला की ठेवला?"
अ. डबा घेऊन गेला.
खिडकीत उभी राहिले. गाडीत दोघं बसलेली. काच वाफेने धूसर, आतलं दिसेना. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही.