शेरा: येते

२ डिसेंबर १९९८

सविताताई गेली! आमची हॉकीची कॅप्टन! रेल्वेत लागली, स्पोर्ट्स कोट्यातून, भुसावळला. एसवायचं वर्ष अर्धं टाकून! झोनच्या मॅचेस सत्तावीस तारखेला, आणि आता सेंटर हाफला कोण? सीबीएसवर बसमध्ये चढताना म्हणाली, "येते गं." मी तोंड फिरवलं.

घरी येऊन आईला सांगितलं, "सविताताई गेली." आईच्या हातातला झारा खाली. "अगं बाई! कशानं?" पाच मिनिटं गोंधळ. मग मलाच ओरडा — "इंग्लिश मीडियमला घातलं ते चुकलंच. शुभ बोलायला शिकवलंच नाही!"

४ डिसेंबर

आमचे कोच यादव सर, त्यांनी टीमचं रजिस्टर हातात दिलं. "एन्ट्री फॉर्म तू भर. तुझं इंग्रजी चांगलं, माझं तुला माहितीये." रजिस्टरमध्ये पंधरा नावं. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना. बहुतेक कोरा, पण चौघींपुढे लिहिलंय — येते. सविताताईपुढे पण!

म्हणजे मॅचला येणार! सुट्टी काढून! बाकीच्या तिघींना मी पाहिलंसुद्धा नाही, मी यंदाच आलेय कॉलेजला. पण येतात म्हणजे येतात. पंधराच्या पंधरा नावं भरली, कॅपिटल लेटर्समध्ये. सरांनी न वाचता सही ठोकली. पाठवून पण दिला.

उगाच तोंड फिरवलं त्या दिवशी.

८ डिसेंबर

देवा! मी काय करून ठेवलं!

सरांना विचारलं, त्या चौघी प्रॅक्टिसला कधीपासून येणार? सर आधी हसले, मग हसायचे थांबले. "त्यांची नावं टाकलीस?"

"तुम्हीच लिहिलंय, येते!"

"अगं, मग काय गेली लिहू? चांगल्या धडधाकट पोरींपुढे? तू घरून निघताना जाते म्हणतेस का?"

नाही म्हणत. येते म्हणते. सगळेच म्हणतात. पण रजिस्टरमध्ये कोण लिहितं असं!!

फॉर्मची मुदत संपली. आता नाव बदलत नाहीत. चौघी कागदावर, मैदानावर अकरा. एक जरी आजारी पडली तरी बदली नाही. सर म्हणाले, "या वर्षी नाव काढून घेऊ या का?" मी म्हटलं, अजिबात नाही! मागच्या वर्षी पुण्याच्या पोरी म्हणे विचारत होत्या, "नाशिकला हॉकी खेळतात?" यंदा दाखवतेच.

१४ डिसेंबर

थंडी. बोटं स्टिकला चिकटतात. पण रोशनी! पेठकडची, आश्रमशाळेत शिकलेली, आमची सेंटर फॉरवर्ड. मैदानात दगड आहेत असं आम्ही रडतो, ती दगडालाच पास देते! बॉल तिकडं आदळून बरोबर तिच्याकडे परत. मी विचारलं, कसं गं जमतं? "मॅडम, आमच्याकडं दगडच लय."

मला मॅडम म्हणते कारण मी 'एक्स्क्यूज मी' म्हणते. शंभरदा सांगून झालं.

ही आहे तोवर अकरा पुरे.

१९ डिसेंबर

सविताताई आली! मी पळत जाऊन मिठी मारली. खेळायला नाही आली. रोशनीसाठी फॉर्म घेऊन आली. रेल्वेच्या ट्रायल्स. भुसावळ. सत्तावीस तारीख!!

"टीम फोडायला आलीस?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"टीम कशासाठी असते गं?" ती शांत. "तुला बाबांचं पंचवटीत दुकान आहे. हिला काय आहे? परीक्षा झाली की बाप लग्न लावतोय."

फॉर्मबरोबर पानभर इंग्रजीत लिहून द्यायचंय, खेळ कसा, किती मॅचेस. तेवीसपर्यंत. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

रोशनी म्हणाली, "तुम्ही नाय म्हनल्या तर नाय जायची मी."

हे काय बोलणं झालं?

२० डिसेंबर

नाही लिहिणार. नाही म्हणजे नाही.

२१ डिसेंबर

रोशनीने चार गोल मारले. फॉर्मचा विषयच काढला नाही. विचारलं असतं तर भांडले तरी असते.

२२ डिसेंबर

सरांच्या कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. हे दाखवायलाच, की बघा, दरवर्षी पोरी पळतात म्हणून आपण हरतो!

खरंच हरतो. आठ वर्षांत एकदाही सेमीफायनल नाही. आणि शेऱ्यात — येते, येते, येते. एकोणीस जणी. सरांना एकेकीचं पाठ. "ही पोलिसात. ही रेल्वेत. ही सिन्नरला शाळेत पीटी शिकवते. ही दर दिवाळीला येते, मुलाला घेऊन."

"आणि टीम?" मी विचारलं.

"ती काय, पुन्हा उभी करायची." मैदानावर चुना मारायचाय, अशा आवाजात.

भांडायला गेले होते. रजिस्टरं परत कपाटात लावून आले.

२३ डिसेंबर

लिहिलं. एक नाही, दोन पानं! दगडाला पास देते हे पण लिहिलं. नाही घेतलं हिला तर रेल्वेचं नुकसान. सविताताई सकाळच्या बसने फॉर्म घेऊन गेली.

सर म्हणाले, "मग दहाच जणी?"

दहा तर दहा! दहांनी खेळायला बंदी आहे का? मग गोलकीपर वत्सला म्हणाली, "मला तशाही पुढच्या दिसत नाहीत." सगळ्या हसत सुटल्या.

पुण्याच्या टीमने खुशाल मोजून घ्यावं.

२६ डिसेंबर

रोशनीला बसमध्ये बसवलं. बस हलली तशी खिडकीतून रडत म्हणाली, "जाते, मॅडम."

मी बसमागे धावले, अख्ख्या सीबीएससमोर — "येते म्हण! येते म्हण गं!!"

म्हणाली.

रजिस्टर माझ्याचकडे आहे. तिच्या नावापुढे मी लिहिलं, शाईने. उद्या सेंटर फॉरवर्डला मी.