फीडबॅक बंद

३ मार्च
आलो एकदाचा तुर्भ्याला! मसाल्याचा कारखाना. गेटातच सात शिंका आल्या; वॉचमन म्हणाला, आठवड्यात नाक मरेल. सहा महिने टिकलो तर कायम. मग कोरेगावला आई गावभर सांगत सुटेल. माझ्याकडे ड्राइव्ह, म्हणजे मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या पेट्या. तीन नंबरच्या मिक्सरवर दिवाळे गावचे कान्हादादा असतात. तीस वर्षांच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेत. डब्यातली अर्धी सुकट त्यांनी मला वाढली.

४ मार्च
मिक्सर म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा फिरता ड्रम. सुरू करण्याआधी दादा त्यावर पान्याने तीन ठोके मारतात, 'कोन हाय का आत?' विचारतात आणि ड्राइव्हवरच्या दिव्याकडे बघतात. आज दिवा तांबडा झाला. फीडबॅक फॉल्ट. मोटार किती फिरली ते तिच्या मागचा एन्कोडर ड्राइव्हला कळवतो. इथे बंद मोटार हलल्याचं त्याने कळवलं. दादांनी झाकण उघडलं आणि कुणाला वाट द्यावी तसे दोन मिनिटं बाजूला उभे राहिले. दिवा हिरवा. मला हसू आवरेना.

६ मार्च
केबल बदलली, अर्थिंग तपासलं, नवा एन्कोडर टाकला. तरी रोज सकाळी तेच. आज एन्कोडरचे आकडे नीट पाहिले. दादांच्या ठोक्यांनंतर तीन हिसके. मोजून तीन.
दादांना लिहून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तो मिथुन हाय. दोन वर्सांमागं सफाईला आत गेल्ता. आतून ठोकलान त्यानं, मना ऐकूच नाय आला. तवापासून मी डोल्यांनी ऐकतो."

७ मार्च
प्लँट हेड सुचिता मॅडमनी झापलं. फॉल्ट निघत नसेल तर फीडबॅक बंद करा, त्याच्याशिवायही मोटार फिरते; जमत नसेल तर दुसरा माणूस बघते, म्हणाल्या. बंद केला. एक सेटिंग बदलायचं, बस. दादांनी ठोकलं, दिवा हिरवाच. बटण दाबलं. मिथुन सुटला म्हणून त्यांचे डोळे भरून आले. सेटिंगचं मी त्यांना सांगितलं नाही. बोटं बधिर झालीत, मिरचीने असेल.

१० मार्च
ड्रम रिकामा, तरी मोटारीवर भार दिसतो. एका माणसाच्या वजनाइतका. झाकण उघडून पाहिलं, काही नाही. शिंका थांबल्या. वासही येत नाही. लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

११ मार्च, दुपार
सगळे जेवायला गेलेत. आतून तीन ठोके आले. त्याची वाट मीच बंद केली. त्याला बाहेर काढायला उतरलो. इथे कुणी नाही –

झाकण लागलं. दादा परतले असणार. कुणी मशीन सुरू करू नये म्हणून मेन स्विचला लावायचं कुलूप माझ्या खिशातच राहिलं. ओरडलो. त्यांना कसं ऐकू – फोनला रेंज नाही, नुसत्या त्याच्या उजेडात लिहितोय –

बाहेरून ठोके. एक. दोन. तीन.

मीही ठोकले. तीन. माझ्या शेजारून आणखी तीन –

दादा आता दिव्याकडे बघत असतील. दिवा हिरवा. फीडबॅक तर मीच