हसल्याशिवाय फोटो न काढणारा कॅमेरा

सावेडी, अहिल्यानगर
शनिवार

चि. सुहास यास मार्तंडभाऊजींचे आशीर्वाद. तुम्हा सगळ्यांच्या प्रकृती उत्तम असतील असं धरून चालतो, कारण आमच्या घरात हा विषय निघाला की लवकर संपत नाही. तुझ्या विजयाताईची तब्येत डॉक्टरांच्या मते 'आहे तशी' आहे. (महिन्यापूर्वीही आहे तशीच होती, फक्त तेव्हा ती खुर्चीत बसत होती.) तू सुप्याहून ड्रायव्हरबरोबर पाठवलेला कॅमेरा मिळाला. त्याची पोच द्यायला एवढा उशीर का झाला, ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण या दोन खोल्यांत ताईला ऐकू जाणार नाही अशी जागा म्हणजे बाथरूम, आणि तिथे रेंज नसते.

कॅमेरा कशासाठी हवा होता ते तुला ठाऊक आहे. आमच्या वहिनी गेल्या तेव्हा ऐनवेळी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. (भेटायला आलेली माणसं हार घालण्याआधी दोनदा बघत होती, आपण बरोबर घरी आलोय ना म्हणून.) तेव्हापासून विजयाने ठरवलंय, की भिंतीवरचा आपला फोटो आपण जिवंतपणी, आपल्या पसंतीने काढून घ्यायचा. मोबाईलवरचा तिने नापास केला. मोबाईलने तिच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या. ही बाई कोण, आणि हिने माझी साडी का नेसली, असं तिने मला विचारलं. म्हणून तुला कळवलं, आणि तू नवशिक्याला झेपेल असा छोटा कॅमेरा पाठवलास. इथवर कुणाचीच चूक नाही.

पुढची सगळी माझी. कॅमेरा आला तो पितृपंधरवड्यात. नवी वस्तू, त्यात हे असलं काम, पंधरवड्यात सुरू करणं माझ्या जिवावर आलं. मी खोकं कपाटात ठेवलं. विजया म्हणाली, काढून टाका, पितरांना मला ओळखायला सोपं जाईल. मी ऐकलं नाही. तेवढ्या दिवसांत मी मॅन्युअल वाचत बसलो (तीस वर्षं हायस्कूलच्या ऑफिसात जीआर वाचले, पान सोडायची सवय नाही), आणि ती रोज साडी बदलून खिडकीपाशी खुर्चीत बसायची. घटस्थापनेला मी खोकं उघडलं तेव्हा तिला उशीला टेकूनसुद्धा फार वेळ बसवेना. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तर, पूजा केली. कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. चालू केला की पुढची नळी बाहेर येते, हे बाराव्या पानावर आहे. ती परत जाताना कुंकू आत घेऊन जाते, हे कुठेच नाही. पहिल्या अकरा फोटोंत विजयाच्या एका गालावर लाली आली. बनुबाईंना (तिसगावच्या, दिवसभर ताईचं सगळं करायला असतात) ते फोटो फार आवडले. "काकू, लई ग्वाड दिसताय, पावडर लावल्यावानी." काकूंना आवडले नाहीत. मी ब्रशने कुंकू काढलं, तर कॅमेरा म्हणे, आता आत फोटो ठेवायला जागाच नाही. कार्ड वेगळं विकत आणावं लागतं. ते आणलं, तर माझा हात कापतो, म्हणून सगळे फोटो हलले. शेवटी कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर ठेवला आणि आपोआप फोटो निघायची सोय लावली. पडद्यावर दोन चित्रं होती, एक घड्याळ आणि एक हसरा चेहरा. घड्याळाकडे बघायची सध्या इच्छा होत नाही, म्हणून चेहरा निवडला.

चार दिवस कॅमेरा विजयासमोर होता. एकही फोटो निघाला नाही. मग मी तो दुकानात नेला. दुकानदाराने काउंटरवर ठेवून बघितला, मशीन ठीक आहे काका, म्हणून हसला, आणि लगेच त्याचा दातांसकट फोटो निघाला. समोरचा माणूस हसला की हा कॅमेरा आपणहून फोटो काढतो. (मॅन्युअलची नेमकी तीच दोन पानं चिकटलेली होती.) बिघाड आमच्या घरात होता.

मंगळवारी मात्र विजया हसली. मी काहीतरी विनोद केला असावा. फोटो उत्तम आलाय, तिनेही पास केलाय. तेव्हा काम झालं, तुझे उपकार आहेत. आरतीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मार्तंडभाऊजी

ता.क. फ्रेम बारा बाय पंधराची सांगितली आहे. सागवानी नको म्हणाली, साधी पुरे.

ता.क. २. विनोदाचं वर खोटं लिहिलं. मंगळवारी दारावरची बेल वाजली. बनुबाई आतून म्हणाल्या, "काकू, पाव्हनं आलं वाटतं." विजयाने मान वळवली, सुहास आला म्हणाली आणि हसली. कॅमेऱ्याने तेवढ्यात आपलं काम केलं. दारात गॅसवाला होता.

तू दर गुरुवारी सुप्याच्या कारखान्यात येतोस. तिथून सावेडी पाऊण तासावर आहे. तुला तिला अशी बघवणार नाही म्हणून तू येत नाहीस, हे तिला कळतं, आणि ती माझ्याशी तुझ्याच बाजूने भांडते. बघवत मलाही नाही. या गुरुवारी ये. सकाळी दहा ते अकरा ती जागी असते.