एकेचाळीस दिवसांचा वारा

१४ मार्च, दुपार

प्रिय धाकल्या,

आशीर्वाद. गुडघे बरे आहेत, जीभ त्याहून बरी आहे.

सोमवारी, ९ मार्चला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू वेधशाळेच्या जुन्या वहीतल्या माझ्या एकेचाळीस दिवसांच्या नोंदींवर लाल रेघ मारलीस. शेरा: ‘बनावट’. खाली वेळ, सही, तुझा संचालकपदाचा शिक्का. लिपिकबाईंनी फोटो पाठवला. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मला खरं लिहायला आणि सरळ रेघ मारायला शिकवलं. तुझी तर रेघसुद्धा वाकडी आहे.

तुझा मुद्दा ठाऊक आहे मला. उंचावरचा वारा मोजायला सोडलेल्या फुग्याचा माग काढायला दोघं लागतात. एक दुर्बिणीतून बघत कोन सांगतो, दुसरा लिहितो. ताई सांगायची, मी लिहायची. ती वेधशाळेच्या गच्चीवरून पडून गेली, त्यानंतरचे एकेचाळीस दिवस मी एकटीच होते. मग कोन सांगितले कोणी?

आधी वाऱ्याचं ऐक. मधल्या अक्षांशांवरचा, उंचावरचा पश्चिमेचा वारा त्या हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकला आणि दीड महिना तिथेच राहिला. समुद्राने ढकलला म्हणावं, तर समुद्र नेहमीसारखाच होता. सूर्यही. येणारी-जाणारी वादळंच त्याला रेटत होती आणि तो पुढच्या वादळांना त्याच वाटेवर आणत होता. वादळ निघून जातं, त्याचा रेटा मागे राहतो. माझे दिवस खोडून हे कशावरून दाखवणार आहेस, शिक्क्यावरून?

डोंगरापलीकडच्या हवामान केंद्राची तेव्हाची नोंद मी मागवली. सगळे आकडे जुळतात.

कारण मी ते ऐकून लिहिले. ताईच्याच आवाजात.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ती पडली त्या दिवशी दुर्बिणीवरून डोळा न काढता ताईने विचारलं होतं, “मागे जागा आहे का गं?” मी मान वर न करता म्हटलं, “आहे, आहे. पुढचा कोन सांग.”

या मंगळवारपासून वारा पुन्हा दक्षिणेला आहे. रोज भर दुपारी बाराला माझ्या घराच्या गच्चीवरून कोन ऐकू येतात. इथे ना फुगा, ना दुर्बीण. पाच दिवसांचे आकडे सोबत जोडले आहेत, तुझ्या यंत्रांशी ताडून बघ. शेवटी ती तोच प्रश्न विचारते. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

शेरा रद्द केल्याचं, आणि त्या पानांवर तिचं नाव घातल्याचं, शुक्रवार २० मार्च, दुपारी बाराच्या आत लेखी कळव. नाही कळवलंस, तर वही खाली ठेवून मी वर गच्चीवर जाईन आणि मागे जागा किती आहे ते बघून तिला सांगेन.

तुझी मधली

ताईचेही आशीर्वाद.